मानशीची दोरी: एका जलपुरस्काराच्या अर्जाचं प्रकरण

अर्जाच्या तिसऱ्या पानावर प्रश्न होता, 'तुमच्या कामातलं नावीन्य कोणतं?' खाली दोनशे शब्दांची चौकट होती. देवळाच्या अग्रशाळेत आम्ही सातजण बसलो होतो. मी प्रश्न मोठ्याने वाचला, तेव्हा बांधाचं काम आयुष्यभर केलेले आबा म्हणाले, "नवं काय लिहिणार, मास्तर? बांध माझ्या आज्याच्या आधीपासूनचा. मानस तिथल्या तिथेच. भरती-सुकती तर कोणीच केलेली नाही."

मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. त्या दिवशी चौकट कोरी राहिली. पुढे वर्षभर जे घडलं ते ह्या कोऱ्या चौकटीमुळेच घडलं, असं मला आज वाटतं. म्हणून प्रकरण सुरुवातीपासून लिहून काढतो आहे. गाव फोंडा तालुक्यातलं, झुआरी नदीला मिळणाऱ्या एका खाडीच्या काठावरचं. नाव देत नाही, कारण ह्यात शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधला वाद आहे आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. मी जवळच्या उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. माझी स्वतःची शेती नाही. आजोळची होती, तिच्या आठवणीवर मी ह्या कामात ओढला गेलो.

खाजन

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. गोव्यात शेतजमिनीचे ढोबळ प्रकार तीन. डोंगरउताराची मोरड, रेताड सपाटीची खेर, आणि खाडीकाठची सखल जमीन म्हणजे खाजन. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी खाजनापेक्षा वर असतं. बांध नसेल तर ही सगळी जमीन दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्याखाली जाईल. अशी जमीन गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर आहे, म्हणजे राज्याच्या क्षेत्रफळाचा जवळपास विसावा भाग.

बांध चिखलाचा आणि जांभ्या दगडाचा. त्याच्या बाहेर खारफुटी, लाटांचा मार आधी ती झेलते. बांधात ठरावीक जागी मानस, म्हणजे पाण्याची लाकडी दारं. ह्या दारांची रचना मी मुलांना दरवर्षी वर्गात काढून दाखवतो. दार वरून टांगलेलं आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं. सुकतीला खाडी खाली जाते, आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा दाब तेच दार चौकटीवर घट्ट बसवतो. ना मोटर, ना चावी. चंद्राच्या ओढीवर चालणारी झडप आहे ती.

दारातून आत आलं की खोलगट पाणी पसरलेलं असतं, त्याला पोंय म्हणतात. शेतातलं जादा पाणी पोंयीत उतरतं आणि पोंयीतून मानशीकडे जातं. दारं वर बांधून थोडं खारं पाणी मुद्दाम आत घेतलं, तर त्याच्याबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि मासळी येते. सुकतीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की ती मिळते. पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मासळी अशी ही जोड आहे. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उन्हाळ्यात मातीत साठलेलं मीठ हाच पाऊस धुऊन काढतो. दरवेळी सुकतीला मानस उघडली जाते आणि ते धुतलेलं पाणी खाडीत जातं. मग कोरगुटासारखं, थोडं मीठ सोसणारं भात पेरायचं.

खाजन पूर्ण कोरडं ठेवलं तर बरं, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. तसं नाही. ह्या मातीत लोह आणि गंधक यांची संयुगं असतात. माती फार सुकली, भेगाळली आणि हवा आत गेली, तर त्यांतून आम्ल तयार होतं. म्हणजे खारं पाणी अजिबात नको असं म्हणता येत नाही आणि जास्त चालतही नाही. किती, कधी आणि किती वेळ, हाच सगळा प्रश्न. तो पूर्वी गावकारी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या संस्था, सोडवत असत. पोर्तुगीजांनी 1526 साली गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले, तेव्हाही हा कारभार त्यांना गावाच्याच हातात सापडला. विसाव्या शतकात कुळांच्या हाती जमीन आली, आणि ते न्यायाचंच होतं. पण बांध आणि मानस सांभाळायचं कोणी, ह्याची जुनी घडी मोडली आणि नवी नीट बसली नाही. आमच्या गावात आज शेतकऱ्यांची संघटना कागदावर आहे. सभेला अर्धेही लोक येत नाहीत, कारण अर्ध्या घरांत शेती करणारं कोणी उरलेलं नाही.

पुरस्काराचं खूळ

शाश्वत जलव्यवस्थापनासाठी दिल्या जाणाऱ्या एका वैज्ञानिक पुरस्काराची जाहिरात आमच्याच एका माजी विद्यार्थिनीने मला पाठवली. ती आता पुण्यात पाण्याच्याच क्षेत्रात काम करते. तिने लिहिलं, "सर, खाजनापेक्षा शाश्वत काय असणार? अर्ज करा."

मी हुरळून गेलो, हे मान्य करतो. पाण्याचा पुरस्कार म्हटला की मराठी माणसाला पहिलं नाव आठवतं माधवराव चितळे यांचं. 1993 सालचा स्टॉकहोम जल पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा हा पुरस्कार सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याला जगाने मान दिला तो नुसत्या धरणांसाठी नव्हता, लोकांमध्ये पाण्याची जाण रुजवण्याच्या कामासाठी होता. पुढे 2005 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटला आणि 2015 साली राजस्थानात जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारे मातीचे बांध, पुन्हा उभे करणाऱ्या राजेंद्र सिंह यांना तोच सन्मान मिळाला. पावसाचं पाणी अडवण्याचं जुनं शहाणपण शास्त्रीय व्यासपीठावर मानलं गेलं होतं. मग मीठ अडवण्याचं का मानलं जाऊ नये?

त्याहून जवळचं उदाहरण तर पत्रादेवीच्या सीमेपलीकडेच होतं. मालवण तालुक्यातल्या धामापूरच्या तलावाला 2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निस्सारण आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. तलाव 1530 सालचा. त्या यादीत येण्यासाठी बांधकाम किमान शंभर वर्षांचं असावं लागतं, म्हणजे तिथे जुनेपणाच गुण ठरतो. आमच्या अर्जात मात्र नावीन्याला गुण होते आणि जुनेपणासाठी रकानाच नव्हता.

पहिला मसुदा मी एका रात्रीत लिहिला. त्यात सगळं छान होतं. शतकांची परंपरा, निसर्गाशी मैत्री, सामूहिक श्रमदान. 'प्रकल्पप्रमुख' ह्या रकान्यात मी संघटनेच्या अध्यक्षांचं नाव टाकलं. अग्रशाळेत तो वाचून दाखवला तेव्हा सगळे ऐकत राहिले. मग अध्यक्षांच्या वहिनी उठल्या. त्या स्वतः तीन शेतं करतात. त्या म्हणाल्या, "हे सगळं खरं असेल मास्तर, पण माझ्या खालच्या शेतात तीन वर्षं झाली, पेरलेलं उगवून वितीभर झालं की करपतं. ते कुठल्या पानावर लिहिलंय?"

मसुदा मी घडी करून पिशवीत ठेवला.

मोजणी

करपण्याचं कारण गावाला माहीत होतं, निदान गावाची तशी समजूत होती. बांधाचा पूर्वेकडचा तुकडा झिरपतो. कुर्ल्यांनी तिथे बिळं केली आहेत आणि उधाणाला बिळांतून पाणी आत येतं. सरकारकडे अर्ज गेलेले, पाहणी झालेली, पैसे यायचे होते. पुरस्काराच्या अर्जात 'मोजलेला परिणाम' असा रकाना होता, म्हणून मी म्हटलं, पाझर किती आहे तो आधी मोजू. अकरावीच्या चार मुलांना आणि दोन मुलींना घेतलं. पाण्याची विद्युतवाहकता दाखवणारं, मुठीत मावणारं यंत्र शाळेच्या प्रयोगशाळेत होतं. पाण्यात मीठ जितकं जास्त, तितकी वीज त्यातून सहज वाहते, इतकं साधं तत्त्व.

मोजण्याच्या जागा पाच ठरवल्या. मानशीच्या आत, पोंयीच्या मध्यावर, पूर्वेच्या झिरपणाऱ्या बांधाखाली, वहिनींच्या खालच्या शेतात, आणि वाड्यावरच्या एका विहिरीत. दिवाळीनंतर सुरुवात केली, कारण पाऊस गेला की खाडी खारी होत जाते. आमची पहिली चूक तिथेच झाली. भाताला किती खारटपणा सोसतो, ह्याचा जो आकडा पुस्तकांत मिळतो, तो 3 डेसिसिमेन्स प्रति मीटर (हे विद्युतवाहकतेचं एकक). त्यापुढे प्रत्येक एककाला उत्पादन साधारण 12 टक्क्यांनी घटत जातं. समुद्राचं पाणी 50 च्या आसपास असतं, त्यावरून 3 म्हणजे किती थोडं ते कळेल. मुलांनी पोंयीच्या पाण्याचे आकडे थेट ह्या 3 शी ताडून बघितले आणि घाबरून माझ्याकडे आली. पण तो आकडा पाण्याचा नाही. माती पाण्याने पूर्ण भिजवून तिच्यातून काढलेल्या अर्काचा आहे. मला हे माहीत असायला हवं होतं. मग शेतातली माती आणायची, वाळवायची, भिजवायची, गाळायची, असं वेगळं काम सुरू झालं. वेळ लागला, पण माती आणि पाणी ह्या दोन नोंदी निराळ्या ठेवायच्या, हे मुलांच्या अंगवळणी पडलं.

दोन महिने गेले. पूर्वेच्या बांधाखाली पाणी खारं होतं, पण फारसं वाढत नव्हतं. वाढत होतं ते पोंयीत. तेही विचित्र तऱ्हेने. शनिवारी दुपारी मोजावं तर ठीक, आणि मधल्या एखाद्या सकाळी शाळेआधी मोजलं की एकदम चढलेलं. एका मुलीने वहीच्या समासात तिथी लिहायला सुरुवात केली. तिच्या घरी पंचांग रोज उघडलं जातं, म्हणून तिला ते सुचलं असावं. तिथ्या लिहिल्यावर उलगडा झाला. चढलेल्या सगळ्या सकाळी अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवसांतल्या होत्या.

उधाणाला पाणी चढतं हे कोणालाही कळतं. पण मग उधाणाच्या दुपारी का चढत नव्हतं? इथे आबांनी उत्तर दिलं, तेही सहज, चहा पिता पिता. "थंडीत रातची भरती मोठी. पावसात दिवसाची." आमच्या किनाऱ्याची ही खासियत आहे. दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, आणि हिवाळ्यात मोठी भरती रात्री येते. अमावस्या-पौर्णिमेला ती मध्यरात्रीच्या सुमारास येते आणि मग रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकत जाते. भरतीच्या कोष्टकात हे सगळं छापलेलं असतं. मी ते कोष्टक प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलेलं होतं आणि त्यातले दिवसाचेच आकडे बघत होतो.

तरी प्रश्न उरलाच. भरती कितीही मोठी असो, दार दाबाने बंद व्हायला हवं. मोठ्या भरतीला तर अधिक घट्ट. रात्रीच्या उधाणाला पोंय खारी होत होती, म्हणजे त्या वेळी दार उघडं होतं.

पौषातल्या अमावस्येला आबा, मी आणि अध्यक्षांचा भाचा बांधावर गेलो. मुलांना नेलं नाही. पाणी चढत होतं, आणि मानशीची दोन दारं दोरीने वर ओढून खुंट्याला बांधलेली होती. खाडीचं पाणी धबधबा लागल्यासारखं आत पडत होतं. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाझर म्हणत होतो आपण."

दुसरी बाजू

मानशीतल्या मासेमारीचा हक्क दरवर्षी पावणीला निघतो. पावणी म्हणजे लिलाव. ज्याची बोली मोठी, त्याला वर्षाची मानस. पैसे संघटनेला आगाऊ मिळतात आणि त्यातून बांधाची डागडुजी व्हावी, अशी मूळ कल्पना. रचना चांगली आहे, पण तिच्यात एक गाठ आहे. ज्याने आगाऊ रक्कम मोजली त्याला ती काही महिन्यांत वसूल करायची असते, आणि जितकं पाणी आत तितकी सुंगटं आत. बांध सांभाळण्यासाठी लागणारा पैसा ज्याच्याकडून येतो, त्याचा फायदा दार उघडं राहण्यात असतो.

ज्यांच्याकडे ह्या वर्षीची मानस होती त्यांना मी भाऊ म्हणतो. लहानपणी आम्ही एका शाळेत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, "उधाणाच्या चार रात्री उघडतो. नाहीतर बोलीचे पैसे निघत नाहीत. बोली दरवर्षी चढवता तुम्हीच. सभेत टाळ्या वाजवता." मग मला मागच्या बाजूला नेऊन त्यांनी मानशीच्या एका दाराची मोडकी फळी दाखवली. "ही कुजलीय. दोन वर्षं सांगतोय. बंद केलं तरी अर्धं पाणी हिच्यातूनच जातं. माझ्या पैशातून फळी बसवा म्हटलं, तर पैसे सणात गेले."

त्यांचं म्हणणं मी वहीत तसंच लिहून घेतलं. ह्या प्रकरणात मला सर्वांत जड गेलेली गोष्ट म्हणजे ते बऱ्याच अंशी बरोबर होते. वहिनींचं शेत करपत होतं हे खरं, आणि लिलावाची रक्कम वाढवत नेणाऱ्या सभेत वहिनींच्या घरचे लोकही होते हेही खरं. मीठ शेतात जात होतं ते सगळ्यांच्या संमतीने ठरलेल्या एका करारातून.

खाजनावर बोलणारे बहुतेक लोक, मीही त्यात होतो, बांधाबद्दल बोलतात. बांध दिसतो, त्याचं छायाचित्र निघतं, त्याला निधी मागता येतो. मानशीची दोरी कोणाच्या हातात आहे आणि त्या माणसाला पैसे कशाचे मिळतात, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते खाजनाचं जलव्यवस्थापन म्हणजे मुख्यतः तेवढंच आहे.

अर्जात काय लिहायचं

अर्जाची मुदत महिन्याभरावर आली होती. सभा बोलावली. ह्या वेळी माणसं आली, कारण बातमी गावभर झाली होती. दोन मतं पडली, आणि दोन्हींच्या मागे गावाबद्दलची कळकळ होती. एक गट म्हणाला, पुरस्कारासाठी चांगलं ते लिहावं, घरातली भांडणं परक्यांसमोर मांडू नयेत. तरुणांचा एक गट म्हणाला, सगळं लिहा, नावासकट.

मी तिसरं सुचवलं आणि त्यावर बराच वेळ वाद झाला. नाव कोणाचंच नको. ना दोषी म्हणून भाऊंचं, ना प्रकल्पप्रमुख म्हणून अध्यक्षांचं. वहीतल्या नोंदी जशाच्या तशा द्यायच्या, चढलेल्या सकाळींसकट. करार कसा आहे आणि तो मीठ आत कसं आणतो ते लिहायचं. आणि बदल काय करणार ते लिहायचं. हे शेवटचं लिहायचं, तर आधी ठरवायला हवं होतं.

ठरलं ते असं. पुढच्या पावणीच्या अटींमध्ये एक ओळ वाढवायची. दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत, अमावस्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे तीन रात्री दारं बंद राहतील, आणि त्या रात्रींची दोरी शेतकऱ्यांच्या बाजूच्या माणसाकडे राहील. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती लहान असताना, मासळीसाठी दार उघडायला मोकळीक. त्याने खारं पाणी येईल, पण थोडं येईल, आणि माती भेगाळणार नाही. अट वाढली की बोली उतरणार हे उघड होतं. ती तूट कशी भरायची ह्यावर शेतकऱ्यांनी प्रत्येक शेतामागे वर्गणी द्यावी असं वहिनींनी मांडलं. तिथे आवाज चढले. शेवटी वर्गणीऐवजी मानशीची फळी आणि चिखल भरण्याचं काम अंगमेहनतीने करायचं, एवढ्यावर मान्यता मिळाली. पैशाचा प्रश्न तसाच राहिला.

भाऊ सभेला आले होते. ते म्हणाले, "अट लिहा. पण ती मी ह्या वर्षी पाळतो की नाही ह्यावर पाळत ठेवू नका, मी पाळीन." त्यानंतरच्या पौर्णिमेच्या सकाळी पोंयीतलं पाणी चढलं नव्हतं. कुजलेल्या फळीमुळे थोडं वाढलं होतं तेवढंच.

नावीन्याची चौकट मी सर्वांत शेवटी भरली. त्यात लिहिलं की आमच्याकडे नवं तंत्र नाही. दार जुनं आहे आणि त्याची रचना अचूक आहे. आम्ही ह्या वर्षी पहिल्यांदा आमच्या पाण्याची नोंद तिथीनुसार ठेवली, आणि त्या नोंदीवरून लिलावाची अट बदलायचं ठरवलं. प्रकल्पप्रमुखाच्या रकान्यात संघटनेचं नाव घातलं. संगणकाने ते स्वीकारलं नाही, व्यक्तीचंच नाव हवं म्हणून सांगितलं. मग आबांचं घातलं, त्यांची परवानगी घेऊन. ते म्हणाले, "घाल. मी तर कुठे जाणार नाही."

उत्तर

चार महिन्यांनी उत्तर आलं. पुरस्कार मिळाला नाही. पण नकाराच्या पत्राला परीक्षकांची दोन परिच्छेदांची टिप्पणी जोडलेली होती, आणि ती वाचून मला समाधान वाटलं. त्यांनी लिहिलं होतं की एका हंगामाच्या नोंदीवरून परिणाम सिद्ध होत नाही. पावसाचं प्रमाण दरवर्षी वेगळं असतं. करारातल्या बदलाचा मातीवर परिणाम झाला की जूनमधल्या चांगल्या पावसाने मीठ धुऊन नेलं, हे एका वर्षात वेगळं काढता येणार नाही. किमान तीन हंगाम मोजा, शेतातल्या मातीचे नमुने पेरणीआधी आणि कापणीनंतर असे दोन्ही वेळा घ्या, आणि ज्या शेताला फरक पडायला नको अशा एखाद्या वरच्या शेताचेही नमुने तुलनेसाठी घ्या.

ही टीका पूर्णपणे रास्त होती. उलट अशी टीका करणारा पुरस्कार हाच खरा वैज्ञानिक पुरस्कार, असं मी मुलांना सांगितलं. सन्मान देताना जो पुरावा मागतो, त्याच्या मागणीनेच गावाला एक शिस्त लागते. पहिला मसुदा स्वीकारून आम्हाला शाल-श्रीफळ मिळालं असतं, तर वहिनींचं शेत करपतच राहिलं असतं आणि वर भिंतीवर मानपत्र लागलं असतं.

माझी परीक्षकांकडे एकच तक्रार आहे आणि ती मी त्यांना कळवली. अर्जाच्या रचनेत देखभालीला जागा नाही. बांध बांधणाऱ्याला, तलाव खोदणाऱ्याला, नवं यंत्र काढणाऱ्याला जागा आहे. उधाणाच्या रात्री कंदील घेऊन मानशीवर जाणाऱ्याला नाही. धामापूरसारख्या स्थळाला जेव्हा वारशाचा दर्जा मिळतो, तेव्हा त्यातही बांधकामाचं वय मोजलं जातं. ते वय ज्यांनी त्याला मिळवून दिलं, चिखल भरत, बिळं बुजवत, त्यांच्या कामाचं माप कुठल्याच रकान्यात बसत नाही. पाण्याच्या शास्त्रात हे काम गौण मानलं जातं असं मला दिसतं, आणि ते चुकीचं आहे. खाजनात पन्नास वर्षं न फुटलेला बांध ही मोठी कामगिरी आहे, आणि ती फक्त रोजच्या कामातून होते. परीक्षकांचं त्यावर उत्तर आलेलं नाही.

आत्ता

जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. वहिनींच्या खालच्या शेतात ह्या वर्षी कोरगुट पेरलं. अर्ध्याहून जास्त उभं राहिलं, मानशीकडच्या कोपऱ्यात अजून पांढरट पट्टा आहे. परीक्षकांचं म्हणणं लक्षात ठेवून मी कोणालाही हे यश म्हणून सांगत नाही. पेरणीआधीची माती मुलांनी पाच जागी घेतली आहे, आणि सहावी जागा म्हणून देवळामागच्या वरच्या शेताची. पिशव्यांवर तारीख आणि तिथी दोन्ही लिहिल्या आहेत.

ज्या मुलीने समासात तिथ्या लिहिल्या, ती आता बारावीत आहे. पुढच्या वर्षी ती गाव सोडून शिकायला जाईल. वही तिने अकरावीच्या दोघांच्या हाती दिली आहे आणि रात्रीच्या भरतीचे आकडे त्यांच्याकडून पाठ करून घेतले आहेत.

मानशीची नवी फळी सुताराकडे तयार आहे. बसवायला सुकतीचे सलग चार तास लागतील, म्हणून चतुर्थीनंतरच्या भांगाची वाट बघतो आहोत. पावणी त्यानंतर आहे. नवी अट मसुद्यात आहे. अध्यक्षांनी सही केली आहे, संघटनेतल्या दोघांची अजून व्हायची आहे. एकाचं म्हणणं, ह्या अटीने बोली निम्म्यावर येईल. तो चुकीचं बोलत नाही. भाऊ ह्या वर्षी बोली लावणार नाहीत असं ऐकतो. दुसरं कोणी बाहेरचं आलं तर उधाणाच्या रात्रींची दोरी त्याच्या हातून कशी घ्यायची, ह्यावर येत्या रविवारी सभा आहे. आबांनी सांगितलं आहे की ते येतील, फक्त सभा भरतीच्या वेळेआधी संपवा.